इंग्रजीतले 'हेअर' : डोकेभर असले तर एक, आणि दोन असले तर अनेक?

पाटीपेन्सिल :

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत सहावीत शिकते. परवा तिला 'माझी मैत्रीण' या विषयावर इंग्रजीत दहा वाक्ये लिहायची होती. तिसरे वाक्य तिने लिहिले, 'हर हेअर्स आर लाँग अँड ब्लॅक.' बाईंनी लाल शाईने 'हेअर्स'चा शेवटचा 'एस' खोडला, 'आर'वर काट मारून 'इज' लिहिले आणि समासात अर्धा गुण कापला. इथवर माझी काही तक्रार नव्हती, कारण 'हेअर'ला 'एस' लावायचा नाही, हे आम्हालाही शाळेत असेच दटावून सांगितले होते. पण त्याच पानावर आठवे वाक्य आहे, 'शी हॅज टू ग्रे हेअर्स, सो वुई कॉल हर आजी', आणि त्यापुढे बाईंची बरोबरची खूण आहे, शिवाय कडेला एक हसरा चेहराही काढलेला आहे.

मुलगी विचारते, "आई, बाई हसण्याच्या नादात आठवे वाक्य तपासायलाच विसरल्या का?" मला उत्तर देता आले नाही. शाळेत जाऊन विचारावे, तर ही अर्ध्या गुणासाठी भांडायला आली असे वाटायचे, म्हणून इथे विचारते. मराठीत 'तिचे केस लांब आहेत' म्हणतो आणि 'तिचे दोन केस पांढरे आहेत' असेही म्हणतो, दोन्हीकडे अनेकवचन. मग डोकेभर केस एकवचनी आणि दोनच केस अनेकवचनी, हा इंग्रजीचा कुठला हिशेब?

मास्तर_कोरेगाव :

बाईंनी दोन्ही वाक्ये बरोबर तपासली आहेत, आणि हसरा चेहरा काढला याचा अर्थ त्या जागेपणी तपासत होत्या. मी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. सहावीच्या वर्गात 'टू ग्रे हेअर्स' बिनचूक लिहिणारी मुले मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

हे मुलांना सांगताना मी गवताचा दाखला देत असे. 'कुरणात गवत वाढले आहे' असे आपण म्हणतो, 'गवते वाढली आहेत' असे म्हणत नाही, कारण समोर हजारो पाती असली तरी आपण त्यांच्याकडे एक हिरवा पसारा म्हणून पाहतो. इंग्रजी माणूस डोक्यावरच्या केसांकडे नेमका असाच पाहतो. त्याच्या लेखी 'हर हेअर इज लाँग' हे 'तिथले गवत उंच आहे' यासारखे वाक्य आहे. फरक पुढे पडतो. गवतातले एकच पान दाखवायचे झाले, तर आपण 'गवताचे पाते' असा वेगळा शब्द घेतो. इंग्रजीने मात्र एका केसासाठीही 'हेअर' हाच शब्द ठेवला. म्हणून 'हेअर' हे दिसायला एक असले तरी कामाने दोन शब्द आहेत. पहिला पसाऱ्याचा, ज्याला ना 'ए' लागतो ना 'एस', आणि ज्याच्याबरोबर 'मच' येते. दुसरा सुट्या केसाचा, जो 'अ हेअर', 'टू हेअर्स', 'अ फ्यू हेअर्स' असा बिनदिक्कत मोजता येतो.

मुलीला एवढेच विचारायला सांगा : मी डोक्याबद्दल बोलते आहे की केसाबद्दल?

वाह्यात_वकील :

मराठीतही 'केस' हे दोन शब्द आहेत, हे मास्तरांनी सांगितले नाही. माझ्या एका अशिलाची केस गेली तेव्हा त्याचे केस होते. अपिलापर्यंत केसही गेले आणि केसही गेली. पहिला शब्द पुल्लिंगी अनेकवचनी आणि दुसरा स्त्रीलिंगी एकवचनी असल्यामुळे कुणाला काय गेले हे क्रियापदावरून कळते. मराठीची ही सोय इंग्रजीत नाही.

तिठा :

मास्तरांचे उत्तर वाचायला छान आहे, पण मला ते पटत नाही. 'मोजता येत नाही म्हणून एकवचन' हे कारण गवतालाही लागू नाही आणि केसांनाही नाही. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात, म्हणजे कुणीतरी ते मोजलेच असणार. वाळूचे कणही मोजता येतील, ताऱ्यांचे तर विचारूच नका, तरीही 'स्टार' अनेकवचनात चालतो आणि 'सँड' चालत नाही. इंग्रजीच्या व्याकरणात तर्क नाही, इतकेच खरे उत्तर आहे आणि ते मुलांना सरळ सांगून टाकावे. पाठ करा, गुण मिळवा.

मास्तर_कोरेगाव :

तिठा, मी 'मोजता येत नाही' असे लिहिलेलेच नाही. 'पसारा म्हणून पाहतो' असे लिहिले आहे. प्रश्न डोळ्यांचा आहे, आकड्यांचा नाही.

उंबरठा :

मी एरवी वाचूनच जाते, पण 'इंग्रजीत तर्क नाही' हे वाक्य वाचून स्वयंपाकघरातून उठून आले. तिठाभाऊ, आपल्या डब्यांकडे एकदा पाहा. माझ्या फळीवर गहू आणि ज्वारी शेजारीशेजारी आहेत. गहू महागले, गहू निवडले, गहू दळायला दिले, हे सगळे अनेकवचनी. ज्वारी महागली, ज्वारी निवडली, ज्वारी दळायला दिली, ही सगळी एकवचनी. दोन्ही दाणेच, दोन्ही मुठीत तेवढेच मावतात, आणि ज्वारीचा एक दाणा मोजायला गव्हापेक्षा काही कठीण नाही. पोहे भिजले, पण साबुदाणा भिजला. मूग भिजले, पण मटकी भिजली. तांदूळ धुतले, पण शिजल्याबरोबर त्यांचा भात झाला आणि तो एकटाच उरला. शेवया भाजल्या, पण रवा भाजला. यातला तर्क मला कुणी सांगितला नाही, माझ्या आईलाही कुणी सांगितला नव्हता, आणि तरी आमच्या घरात चार वर्षांचे पोरसुद्धा 'पोहा भिजला' म्हणत नाही.

दुसरी गोष्ट. मराठीत केस नेहमी अनेकवचनीच असतात असे पाटीपेन्सिलताईंनी म्हटले आहे, तेही पुरते खरे नाही. बाळाचे जावळ आठवा. 'जावळ दाट आहे', 'जावळ काढले'. 'जावळे दाट आहेत' असे कोणी म्हणत नाही. अंगावरची लव घ्या, घोड्याची आयाळ घ्या, मेंढीची लोकर घ्या, झाडून एकवचनी. आमच्या आईच्या पेटीत गंगावन होते. तेही एकच, त्यात केस कितीही असोत. इंग्रजांनी सबंध डोक्याचे जावळ केले, असे मुलीला सांगा, तिला चटकन कळेल.

पाटीपेन्सिल :

उंबरठाताई, जावळाचे उदाहरण मुलीला आत्ताच सांगितले. तिने पहिला प्रश्न विचारला की मग पोळीसाठीचा गहू इंग्रजीत एकवचनी असतो की अनेकवचनी. आता हेही सांगा.

मास्तर_कोरेगाव :

'व्हीट' एकवचनी, 'राइस' एकवचनी. पण 'ओट्स' अनेकवचनी. म्हणजे त्यांच्या फळीवरही हाच घोळ आहे, फक्त डबे वेगळे आहेत. भाषाशास्त्र शिकवणारे 'व्हीट' आणि 'ओट्स' ही जोडी हमखास देतात, पण यापुढे मी गहू आणि ज्वारीची देणार.

वाटाण्याची गोष्ट याहून मजेची आहे. इंग्रजीत पूर्वी 'पीज' हा शब्द आपल्या साबुदाण्यासारखा एकवचनी होता, आणि त्यातला शेवटचा 'ज' हा मूळ शब्दाचाच भाग होता. पुढे लोकांना तो अनेकवचनाचा प्रत्यय वाटू लागला, आणि सतराव्या शतकात त्यांनी तो काढून 'पी' हा नवाच एकवचनी शब्द पाडला. एका चुकीतून आजचा वाटाणा निघाला. शंभर मुले एकच चूक करतात तेव्हा तिला चूक म्हणतात. सगळा देश तीनशे वर्षे करतो तेव्हा तिला शब्दकोशात जागा मिळते.

बेळगावकर_नाना :

आमच्याकडे हा प्रश्न निम्म्या वर्गाला पडत नाही. कानडीत केसाला 'कूदलु' म्हणतात आणि 'कूदलु उदुरुत्तिदे' म्हणजे केस गळतायत, यात क्रियापद एकवचनी आहे. त्यामुळे माझ्या वर्गातली कानडी घरची मुले 'माय हेअर इज फॉलिंग' लिहीत आणि आम्ही मराठी घरची मुले 'माय हेअर्स आर फॉलिंग' लिहीत असू. बाईंना नाव न वाचता वही कुणाची ते कळायचे. मात्र 'फॉलिंग'पुढचे 'आउट' दोघेही विसरत असू, त्यामुळे अर्धा गुण दोघांचाही जाई. इतक्या बाबतीत तरी सीमाभागात समानता होती.

राइनकाठ :

गेली नऊ वर्षे जर्मनीत आहे. माझ्या जर्मन सहकाऱ्यांची इंग्रजी माझ्यापेक्षा चांगली आहे, पण घाईत तेही 'माय हेअर्स आर वेट' म्हणून जातात, कारण जर्मनमध्ये 'माइने हारे झिंट नास' असे अनेकवचनच रोज वापरतात. 'लांब केस' म्हणताना त्यांना एकवचन आणि अनेकवचन दोन्ही चालते, पैकी एकवचन थोडे काव्यमय वाटते. फ्रेंच आणि इटालियन लोकही डोक्यावरचे केस अनेकवचनीच समजतात. त्यामुळे ही खास मराठी माध्यमाची चूक आहे, असे समजून मुलीने ओशाळण्याचे कारण नाही. तिचे तिसरे वाक्य म्हणजे इंग्रजी शब्दांत लिहिलेले निर्दोष मराठी वाक्य आहे.

चाळीतला_चंदू :

निर्दोष मराठी वाक्याचा अर्धा गुण परत मिळेल का?

त्वचारोगी_नव्हे_वैद्य :

मी त्वचारोगांचा डॉक्टर आहे, आणि 'हेअर' व 'हेअर्स' हे दोन्ही शब्द दिवसातून पन्नास वेळा लिहितो, त्यामुळे या धाग्यात येणे भाग आहे. तिठा यांना केस मोजणारे कोण असा प्रश्न पडला असेल, तर आम्ही. साधारणपणे दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे ही नेहमीची गोष्ट असते. हे वाक्य मला इंग्रजीत लिहायचे झाले तर तिथे 'हेअर्स'च लिहावे लागते, कारण मी एकेक केस मोजतो आहे. पण रुग्णाची तक्रार लिहिताना मी 'हेअर लॉस' लिहितो, कारण तक्रार डोक्याची असते.

एक नेमके उदाहरण देतो. चाई पडलेला रुग्ण येतो तेव्हा त्या गुळगुळीत गोल चट्ट्याच्या कडेला भिंगातून पाहिले, तर तुटलेले आखूड केस दिसतात, जे टोकाशी जाड आणि मुळाशी निमुळते असतात, हुबेहूब उद्गारचिन्हासारखे. त्यांना इंग्रजीत 'एक्सक्लमेशन मार्क हेअर्स' असेच म्हणतात. तिथे 'हेअर' असे एकवचन लिहिले, तर कडेला असा एकच केस होता असा अर्थ होईल. बाळाच्या गालावरची बारीक लव असते, ते 'व्हेलस हेअर्स', आणि डोक्यावरचे जाड केस ते 'टर्मिनल हेअर्स'. भिंगाखाली आले की पसारा संपतो आणि एकेक केस सुरू होतो. मास्तरांनी 'डोक्याबद्दल की केसाबद्दल' असे जे विचारले आहे, त्याला आमच्या दवाखान्यात 'भिंगाबाहेर की भिंगाखाली' असे म्हणता येईल.

जाता जाता, 'हेअर फॉल' हा शब्द आपल्याकडच्या जाहिरातींनी घरोघर पोचवला आहे. इंग्लंडमधला माणूस 'हेअर लॉस' म्हणतो.

तिठा :

डॉक्टर, भिंगाचे पटले. उंबरठाताईंच्या ज्वारीने तर माझी बोलतीच बंद केली आहे. तरी एक टोक धरून ठेवतो. आपण भारतात इंग्रजी बोलतो ते आपसात समजावे म्हणून. 'माय हेअर्स आर वेट' म्हटल्यावर आजवर कुणाला केस ओले आहेत हे कळले नाही, असे झाले आहे का? जर्मन माणूस तीच चूक करतो आणि त्याला कोणी हसत नाही. आपणच आपल्या पोरांना लाल शाई दाखवतो. पीजचे पी होऊ शकते, तर भारतीय इंग्रजीत 'हेअर्स' का रूढ होऊ नये?

लीड्सची_सून :

तिठा, अर्थ कळला नाही असे माझ्या बाबतीत झाले आहे, आणि तेही 'एस' लावल्यामुळे नव्हे, 'ए' न लावल्यामुळे. इंग्लंडमध्ये नवी आले होते तेव्हाची गोष्ट आहे. आम्ही चौघे एका छोट्या खानावळीत जेवायला गेलो होतो. माझ्या सूपमध्ये एक केस निघाला, बोटभर लांब, भुरा, वाटीच्या काठाला चिकटलेला. माझे स्वतःचे केस काळे कुळकुळीत असल्यामुळे तो माझा नव्हता याबद्दल वादाला जागा नव्हती. मी वाढणाऱ्या मुलाला बोलावून शांतपणे म्हटले, 'देअर इज हेअर इन माय सूप.' शाळेतला नियम मी काटेकोर पाळला होता, 'एस' लावला नव्हता. त्या मुलाचा चेहरा पांढरा पडला. तो वाटीवर वाकून, चमच्याने सूप ढवळून बराच वेळ शोधत राहिला, कारण माझ्या वाक्याचा अर्थ त्याच्या कानाला 'सूपमध्ये केसच केस आहेत' असा लागला होता. शेवटी मी बोट ठेवून दाखवले तेव्हा तो सुटल्यासारखा म्हणाला, 'ओह, अ हेअर!' नवे सूप आले, पण नवरा अजूनही घरात बुचडा सापडला की 'ओह, अ हेअर' म्हणतो.

म्हणून पाटीपेन्सिल, मुलीला 'एस लावायचा नाही' एवढाच नियम देऊ नका. मला तेवढाच दिला होता.

वाह्यात_वकील :

खानावळीची बाजू मांडण्यासाठी मी विनामूल्य उपलब्ध आहे. केस एकच असल्यामुळे केस कमकुवत आहे.

पिंपळपार :

तिठा यांच्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने उत्तर देतो. 'हेअर्स' ही चूक आहे असे सरसकट म्हणणाऱ्यांनी १६११ सालचे इंग्रजी बायबल पाहावे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायाच्या तिसाव्या ओळीत, तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत असे म्हटले आहे, आणि तिथे 'हेअर्स' आहे, तेही डोक्यावरच्याच केसांबद्दल. पण त्याच बायबलातल्या गीतरत्नात प्रियेच्या केसांना शेळ्यांच्या कळपाची उपमा दिली आहे, आणि तिथे 'हेअर इज' असे एकवचन आहे. कळपाची उपमा द्यायची तर केस एकत्रच हवेत, आणि देव मोजणार असेल तर ते सुटे हवेत. एकाच ग्रंथात दोन्ही आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. तेव्हा तिठा यांना 'हेअर्स' हवे असेल, तर त्यासाठी भारतीय इंग्रजीची वकिली करायला नको, फक्त मोजायची तयारी हवी.

उंबरठा :

पिंपळपारांनी शेळ्या आणल्याच आहेत, तर मीही म्हणी आणते. मराठीत डोकेभर केसांची गोष्ट असते तेव्हा अनेकवचन येते. 'माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत' हे वाक्य आमच्या सासूबाईंचे आवडते होते. पण घात, धोका, अंतर यांच्या गोष्टी असल्या की केस एकटा येतो. केसाने गळा कापला. केसालाही धक्का लागू देणार नाही. केसभरही मागे सरणार नाही. या तिन्ही ठिकाणी एकच केस आहे आणि त्या एकटेपणातच सगळा जोर आहे. तिथे इंग्रज काय करतो, मास्तर?

मास्तर_कोरेगाव :

तेच करतो. कुणाला इजा न करण्याच्या वाक्यात 'अ हेअर ऑन हिज हेड' येतो, शर्यत थोडक्यात जिंकली तर 'बाय अ हेअर', आणि चित्र किंचित डावीकडे सरकवायचे तर 'अ हेअर टू द लेफ्ट', म्हणजे अगदी आपले केसभर. सगळीकडे 'अ' आहे. आणि आपण गेले चार तास जे करतो आहोत त्याला 'स्प्लिटिंग हेअर्स' म्हणतात, तिथे मात्र अनेकवचन आहे, कारण एवढ्या मंडळींना एक केस चिरायला पुरणार नाही.

नीरेकाठची_शलाका :

मी पार्लर चालवते. इंग्रजी बोलणाऱ्या गिऱ्हाइकांशी माझा रोजचा संबंध येतो, त्यामुळे एक व्यवहारातली गोष्ट सांगते. 'आय वाँट टू कट माय हेअर' असे पुष्कळ जणी म्हणतात. आपण मराठीत 'मी काल केस कापले' म्हणतो तेव्हा कात्री दुसऱ्याच्या हातात असते, हे ऐकणाऱ्याला माहीत असते. इंग्रजीत त्याचा सरळ अर्थ स्वतःच्या हाताने कापले असा घेतला जाऊ शकतो. माझ्याकडे येणाऱ्या एक परदेशी बाई मला नेहमी 'आय नीड अ हेअरकट' म्हणतात. 'हेअरकट' हा मात्र एकेक मोजता येणारा शब्द आहे. महिन्यात दोन हेअरकट झाले, तर 'टू हेअरकट्स'. डोके तेच, केस तेच, पण 'कट' शेजारी आला की मोजणी सुरू.

आणखी एक. खांद्यावर, खुर्चीवर, जमिनीवर पडलेल्या केसांना काय म्हणायचे, हा मला बरेच दिवस पडलेला प्रश्न आहे. संध्याकाळी झाडून काढते तो ढीग 'हेअर' की 'हेअर्स'?

त्वचारोगी_नव्हे_वैद्य :

ढीग 'हेअर'. त्यातून तुमच्या साडीला चिकटलेले तीन केस 'थ्री हेअर्स'. झाडू आला की पसारा, चिमूट आली की सुटे केस.

मांजरवेडी :

सोफ्यावरच्या मांजराच्या केसांनाही हेच लागू आहे. 'देअर इज कॅट हेअर ऑन द सोफा' म्हणजे माझे नेहमीचे घर. 'देअर इज अ कॅट हेअर ऑन द सोफा' म्हणजे पाहुणे येणार म्हणून झाडलेले घर.

गजाली_गावडो :

सगळे वचनावर बोलत आहेत, पण आमच्या वर्गात खरा गोंधळ स्पेलिंगचा होता. केसाच्या 'हेअर'चा आणि सशाच्या 'हेअर'चा उच्चार एकच, स्पेलिंग वेगळे. माझ्या शेजारी बसणाऱ्याने 'माझी आई' या निबंधात आईला लांब, काळा ससा आहे असे लिहिले होते. त्यात त्याने 'ए' लावला होता, 'एस' लावला नव्हता, क्रियापद बरोबर होते, म्हणजे व्याकरणात एकही चूक नव्हती. आमच्या सरांनी गुण कापले नाहीत, फक्त खाली लिहिले की ससा पाहायला घरी येईन. वारसासाठीचा शब्दही कानाला जवळचा आहे, फक्त त्यात 'ह' उच्चारत नाहीत, 'एअर' असा म्हणतात. त्यामुळे त्याला 'ॲन' लागते आणि केसाला 'अ' लागतो. आमच्या गोव्याकडे कोकणीतही 'म्हजे केंस' असे अनेकवचनच आहे, त्यामुळे पाटीपेन्सिल यांच्या मुलीची चूक आम्हीही इमानेइतबारे करत आलो आहोत.

तिठा :

ससा आला म्हणजे धागा भरकटला असे म्हणणार होतो, पण ससा मोजता येतो, म्हणून विषयातच आहे. मी माझे म्हणणे थोडे बदलतो. मुलांना 'पाठ करा' असे सांगू नये. पण पाटीपेन्सिल यांच्या बाईंनी लाल शाईने 'इज' लिहिले, त्याच्या शेजारी 'गवत' एवढा एक शब्द लिहिला असता, तर हा धागा निघाला नसता. २००० सालापासून आपल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. सहावीपर्यंत मुलाला चूक दाखवली जाते, पण ती आपल्याच भाषेतून कशी आली हे दाखवले जात नाही. यावर मी ठाम आहे.

मास्तर_कोरेगाव :

साठ वह्या घरी नेणाऱ्या बाईने प्रत्येक चुकीशेजारी शब्द लिहावा, ही अपेक्षा ज्याने साठ वह्या तपासल्या नाहीत तोच करू शकतो. पण मुद्दा मान्य. मी स्वतः गवताचा दाखला द्यायला लागलो तो नोकरीच्या अकराव्या वर्षी. आधीच्या दहा वर्षांतल्या मुलांना मीही फक्त लाल शाईच दाखवली.

एक पुस्ती. ज्यांना एकवचनाची सवय होत नाही, त्यांनी मराठी वाक्य आधी बदलून पाहावे. 'आज मी न्हाले' या वाक्यात केस शब्दच नाही, तरी केस धुतले हे बाईमाणसाला कळते. 'अंघोळ केली' म्हटले की कळत नाही. 'डोके विंचरले', 'डोक्याला तेल लावले' यांतही केसांचे नाव नाही. अशी वाक्ये मनात धरून 'आय वॉश्ड माय हेअर', 'आय कोम्ड माय हेअर' म्हटले, तर 'एस' तोंडात येतच नाही, कारण मनात डोके असते. 'केस धुतले' धरून गेलात की 'एस' येणारच.

बेळगावकर_नाना :

मास्तर, टक्कल पडलेल्यांसाठी काही युक्ती?

मास्तर_कोरेगाव :

नाना, टक्कल मराठीत एकवचनीच आहे आणि तुमचे उरलेले केस 'हेअर्स'. मोजून घ्या, उजळणी होईल.

पाटीपेन्सिल :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीला हा धागा वाचून दाखवला. लीड्सच्या ताईंच्या सूपावर ती इतकी हसली की तिचे आजोबा उठून आले, आणि मग त्यांनाही पहिल्यापासून वाचून दाखवावा लागला. उंबरठाताई, आजोबांचे म्हणणे आहे की त्यांच्या गावाकडे ज्वारीला 'जोंधळा' म्हणतात आणि तो पुल्लिंगी एकवचनी आहे, तेव्हा तुमच्या फळीवरचा घोळ आणखी वाढवावा.

आज तिने वहीत दुरुस्ती लिहून नेली. बाईंनी तीन नवी वाक्ये लिहायला सांगितली होती. पहिली दोन साधी आहेत, 'माय हेअर इज शॉर्ट' आणि 'माय मदर हॅज अ लॉट ऑफ हेअर'. दुसरे वाक्य पूर्वी खरे होते. तिसरे वाक्य तिने मला न दाखवता लिहिले आणि ते बाईंनी वर्गात वाचून दाखवले : 'आजोबा हॅज नो हेअर, बट ही हॅज सेव्हन हेअर्स.' आजोबांनी आरशासमोर उभे राहून मोजले. नऊ आहेत. अर्धा गुण कापावा का, यावर घरात वाद चालू आहे.